आठे का तठे? (इथे की तिथे?) धंद्याच्या आणि घराच्या जागेचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की दुकान, कारखाना किंवा घर यातलं काही नवीन करताय आणि जागा ठरत नाहीये असं असेल तर लिहा. खान्देशात रावेरपासून नवापूरपर्यंतची पत्रं आली, काहींनी तर प्लॉटचे नकाशे पण पाठवले. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांचे सारखे आहेत ते घेतोय. पत्रं वाचताना एक जाणवलं, जागेचा भाव प्रत्येकाने लिहिलाय, गुंठ्याचा, फुटाचा, भाड्याचा, पण त्या जागी रोज काय येणार आणि तिथून रोज काय बाहेर जाणार हे मोजक्याच लोकांनी लिहिलंय. भाव एकदा देऊन मोकळं होता येतं, जाण्यायेण्याचा खर्च मात्र तुम्ही तिथे आहात तोवर चालू राहतो, आणि जी जागा स्वस्त असते ती बहुतेक वेळा याच कारणाने स्वस्त असते. खालची सगळी उत्तरं या हिशोबातून आलीत.

प्रश्न : सावद्याजवळ आमची केळी आहे. मी आणि चुलतभाऊ मिळून केळीच्या वेफर्सचा कारखाना टाकतोय. मामा मुंबईकडे असतात, ते म्हणतात भिवंडीला गाळा घ्या, गिऱ्हाईक तिकडेच आहे. वडील म्हणतात शेतातच शेड टाका, जागेचे पैसे वाचतील. जळगाव एमआयडीसीत पण एक शेड भाड्याने मिळतंय. कुठे टाकू?
(एक वाचक, सावदा)

भाऊ, तुमच्या घरात तीन पक्ष पडलेत आणि प्रत्येक जण थोडाथोडा बरोबर आहे, म्हणून तर ठरत नाहीये. आधी वजन बघू. कच्च्या केळीची साल काढली की तिसरा हिस्सा तरी गेला, उरलेल्या गरात बहुतेक पाणीच असतं, ते कढईत उडून जातं आणि थोडं तेल वजनात येतं. मोटामोटी साडेतीन-चार किलो केळीचे किलोभर वेफर्स. म्हणजे भिवंडीला कारखाना टाकला तर सावद्याहून निघालेल्या गाडीत चारातले तीन हिस्से साल आणि पाणी असणार आणि त्याचं भाडं तुम्ही धुळे, नाशिक, कसारा घाट असं पार भिवंडीपर्यंत भरणार. वर कापलेली केळी थांबत नाही, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसात घड पिवळा पडायला लागतो आणि पिवळी केळी वेफर्सच्या कामाची नाही, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहिती.

हा नियम अल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९०९ मध्ये मांडून ठेवलाय, की प्रक्रियेत ज्याचं वजन घटतं तो कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो. आपल्या भागात तो जागोजागी दिसतो. शंभर किलो कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो, बाकी सगळी सरकी, म्हणून जिनिंग आहेत बोदवड, धरणगाव, चोपडा या कापसाच्या पट्ट्यात. शंभर किलो उसातून साखर दहा-अकरा किलो, त्यात तोडलेला ऊस वाळला की उतारा पडतो, म्हणून साखर कारखाना उसाच्या मध्ये बसतो. तर वजनाच्या हिशोबाने वडील बरोबर.

पण वेफर्सची एक गंमत आहे जी कापसात नाही. वजन घटतं, आकार वाढतो. तळलेले वेफर्स छोट्या पाऊचमध्ये हवा भरून पॅक केले की ट्रक वजनाने भरायच्या खूप आधी आकाराने भरून जातो, ट्रान्सपोर्टवाला भाडं पूर्ण गाडीचंच घेणार, आणि तुम्ही मुंबईपर्यंत हवा वाहून नेणार. इथे मामांचं म्हणणं लागू पडतं. म्हणून माझं मत असं की काम तोडा. सोलणं, कापणं, तळणं सावद्यात, माल पाच-दहा किलोच्या चांगल्या सीलबंद पिशव्यांमध्ये भरा (सील कच्चं राहिलं तर तेल खवट होतं, तिथे पैसे वाचवू नका), आणि पाच-दहा रुपयांचे पाऊच करायचं काम बाजाराजवळ एखाद्या छोट्या गाळ्यात किंवा जॉबवर्कवर. सुरुवातीला तर पाऊचच्या नादी लागूच नका, होलसेल पिशवी विका, फरसाणवाले घेतात.

आता सावद्यात म्हणजे नेमकं कुठे. वडिलांना सांगा की शेत जवळ असलं तरी शेताच्या आत शेड नको. शेतीच्या फिडरवर लाईट आठ-दहा तासच मिळते आणि ती कधी दिवसा कधी रात्री, कढई तापलेली असताना लाईट गेली तर अख्खा घाणा वाया. दुसरं, काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये भरलेली गाडी निघत नाही. तिसरं म्हणजे माणसं. सोलायच्या कामाला बायका लागणार, केळीच्या चिकाने हात काळे होतात, काम कंटाळवाणं आहे, आणि त्या गावातून चालत येतील एवढ्या अंतरावर शेड असेल तरच टिकतील, रोज रिक्षा करून द्यावी लागली तर तो खर्च तुमच्यावर. म्हणजे फैजपूर-सावदा रस्त्याला लागून, गावाजवळ, औद्योगिक वीज जोडणी मिळेल अशी जागा.

जळगाव एमआयडीसी मला तुमच्यासाठी पटत नाही, कच्ची केळी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर न्यायची कशाला. आणि तुमचा खरा फायदा वापसीच्या मालात आहे, म्हणजे व्यापारी कमी प्रतीचा म्हणून बाजूला काढतात त्या मालात. नवतीचा (नव्या लागवडीचा) चांगला घड तर दिल्लीच्या गाडीत जाणार, त्याचा भाव तुम्हाला परवडणारच नाही, तुम्हाला हवी ती वापसीची, लहान फण्यांची केळी, ती कधी कुठल्या बागेत निघतेय हे सावद्यात बसलेल्या माणसाला सकाळी कळतं, जळगावात बसलेल्याला संध्याकाळी. एमआयडीसीची एक बाजू मात्र खरी आहे, ती लपवत नाही. तिथली शेड उद्या धंदा नाही चालला तर दुसरा कोणीतरी घेतो, बँकेलाही ते तारण आवडतं. स्वतःच्या शेतातल्या शेडला गिऱ्हाईक मिळत नाही. मी बरीच वर्षं कर्जाच्या फायली बघितल्यात आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा अडकलेली गोष्ट म्हणजे सातबारा. जमीन घरची असते, पण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव किंवा पाच काका-आत्यांची नावं, आणि तारण द्यायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. तुम्ही तर चुलतभावाबरोबर करताय, मग जागा ठरवायच्या आधी उतारा काढून बघाच.

सबसिडीचं विचारलंय पत्राच्या शेवटी. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे ए, बी, सी, डी, डी प्लस असे गट केलेत, मागास तालुक्याला जास्त सवलत. तुमचा तालुका कुठल्या गटात हे जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन लेखी विचारा. पण सबसिडीसाठी जागा बदलू नका, ती काही वर्षांची असते आणि उशिराने येते, भाडं दर खेपेला द्यावं लागतं.

प्रश्न : मला मॅचिंग सेंटर सुरू करायचं आहे. देवपूरला घराजवळ दुकान निम्म्या भाड्यात मिळतंय आणि आसपास दुसरं मॅचिंगचं दुकान नाही. आग्रा रोडच्या बाजूच्या गल्लीत जागा आहे पण तिथे आधीच तीन दुकानं आहेत. सगळे म्हणतात जिथे कॉम्पिटिशन नाही तिथे जा.
(एक वाचक, धुळे)

ताई, गल्लीत जा. दुकान लहान मिळालं तरी चालेल.

मॅचिंगला येणारी बाई पिशवीत साडी घेऊन येते आणि तिला नेमकी ती शेड हवी असते, रामा कलर म्हटलं तर रामामध्ये पण चार शेड. ती एका दुकानात मिळाली नाही तर ती दुसरं दुकान बघते, आणि दुसरं दुकान शेजारीच आहे म्हणूनच ती या गल्लीत येते. चार दुकानं मिळून गल्लीत गिऱ्हाईक आणतात, एकटं दुकान देवपूरला फक्त आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या बायका आणेल, आणि त्या पण मोठी खरेदी असली की साड्यांसोबतच आग्रा रोडला उरकून येतील. जळगावचा सराफ बाजार बघा, एकाला लागून एक पेढ्या आहेत, विदर्भातनं, मध्य प्रदेशातनं माणसं लग्नाचं सोनं घ्यायला येतात ती एका दुकानासाठी थोडीच येतात, पूर्ण बाजारासाठी येतात.

ज्या वस्तूत गिऱ्हाईक तुलना करतं, साडी, सोनं, फर्निचर, मोबाईल, त्याची दुकानं एकत्र बसलेली चांगली. ज्यात तुलना करायची नसते, दूध, पाव, किराणा, औषध, झेरॉक्स, तिथे गिऱ्हाईक जवळचं दुकान बघतं, म्हणून ती दुकानं विखुरलेली चांगली. देवपूरला तुम्ही किराणा काढणार असता तर मी उलट सांगितलं असतं. हॅरोल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवलं होतं की एकाच रस्त्यावरचे दोन दुकानदार एकमेकांकडे सरकत सरकत मधोमध शेजारी येऊन बसतात, कारण लांब राहिलं तर मधलं गिऱ्हाईक दुसरा घेऊन जातो. आपल्याकडे बस स्टँडवरचे वडापाववाले बघितले तरी हे कळतं.

एकत्र बसण्याचा अजून एक फायदा असतो, तो दिसत नाही. गल्लीत पिकोवाला आहे, डाय करणारा आहे, सुरतचा माल घेऊन येणारा एजंट एका फेरीत चारही दुकानं करतो म्हणून तो तिथे येतो, एकट्या दुकानासाठी तो देवपूरला वाकडी वाट करेलच असं नाही. जळगावच्या डाळ मिल याच कारणाने टिकून आहेत, तूर-हरभरा मराठवाड्यातनं, विदर्भातनं, कुठून कुठून येतो, पण मशिनचा मिस्त्री, दलाल, हमाल, ट्रक, सगळं एका ठिकाणी असल्यामुळे नवीन मिलवाला पण इथेच येतो. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच इंग्लंडच्या कारखान्यांबद्दल हे लिहून ठेवलंय.

एकत्र बसण्यात धोका पण असतो. नवापूरला गुजरातच्या बाजाराला लागून पोल्ट्री वाढल्या, खाद्य, पिल्लं, डॉक्टर, गाड्या सगळं तिथे आलं आणि मग २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच निघाला, शेजारी-शेजारी असलेल्या फार्मवरच्या कोंबड्या सगळ्यांच्याच माराव्या लागल्या. मॅचिंगला असला रोग लागत नाही, पण रस्ता खोदला, अतिक्रमण हटवलं, पार्किंग बंद केलं तर पूर्ण गल्लीला फटका बसतो. म्हणून अॅडव्हान्स देण्याआधी लग्नसराईतल्या एका शनिवारी त्या दुकानासमोर दुपारी चार ते आठ उभ्या राहा आणि हातात साडीची पिशवी असलेल्या किती बायका जातात ते मोजा. नुसती गर्दी मोजू नका, पिशव्या मोजा. दुकानाला तीन-चार पायऱ्या असतील तर वयस्कर बायका चढत नाहीत, तेही बघा.

आणि एक गोष्ट, तुम्ही ब्लाउज शिवून पण देणार असाल तर हिशोब बदलतो. मग बाई मापाला येते, ट्रायलला येते, घ्यायला येते, एका ब्लाउजसाठी तीन फेऱ्या, आणि तीन फेऱ्यांसाठी तिला घराजवळचंच लागतं. मग देवपूर खुशाल घ्या.

प्रश्न : मी जळगावला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, मिस्टर भुसावळला रेल्वेत. मुलगी तिसरीत. सध्या भुसावळला भाड्याने राहतो. आता घर घ्यायचंय. जळगावात फ्लॅट महाग पडतो, नशिराबादच्या बाजूला प्लॉट स्वस्त आहे. मिस्टर म्हणतात मधोमध घेऊ म्हणजे दोघांनाही सारखं पडेल.
(एक वाचक, भुसावळ)

ताई, मिस्टरांचा हेतू चांगला आहे पण गणित करून बघू. जळगाव-भुसावळ साधारण २५ किलोमीटर. जळगावात राहिलात तर त्यांचे २५, तुमचं जवळपास शून्य. भुसावळला राहिलात तर उलट. मध्ये राहिलात तर दोघांचे मिळून परत २५च. एका सरळ रस्त्यावर दोन टोकांना नोकऱ्या असल्या की मध्ये कुठेही घर घ्या, दोघांची बेरीज बदलत नाही. बदलतं ते तिसऱ्याचं. मुलीची शाळा, क्लास, दवाखाना, भाजी, लग्नकार्य यातलं बरंचसं तुम्ही दोन शहरांपैकी एकात करणार, आणि मध्ये राहिलात की यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागणार.

मग दोन टोकांपैकी कुठलं? कोणाचं जाणं स्वस्त आणि सुरक्षित ते बघा. भुसावळ जंक्शन आहे, एक लाईन खंडवा-इटारसीकडे, एक नागपूरकडे फुटते, त्यामुळे जळगाव-भुसावळ मध्ये दिवसभर गाड्या आहेत आणि पास रस्त्याच्या मानाने फार स्वस्त पडतो. मिस्टर ऑफिसला किंवा ठरलेल्या शिफ्टला असतील तर त्यांनी रेल्वेने जावं. तुमची सेकंड शिफ्ट रात्री सुटते, त्या वेळी हायवेवर स्कूटी घेऊन २५ किलोमीटर जाणं मला अजिबात मान्य नाही. म्हणजे जळगाव, हॉस्पिटलच्या जवळ, फ्लॅट लहान असला तरी. फक्त मिस्टर लोको पायलट किंवा गार्ड असतील तर हे सगळं उलटं, त्यांना कॉल कधीही येतो, मग भुसावळच बरं आणि तुम्ही ड्युटी बदलून घ्यायचा प्रयत्न करा.

महाग-स्वस्तचं बोलू. बाईकने रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर म्हणजे लिटरभराच्या वर पेट्रोल, महिन्याला पेट्रोलच तीन हजारच्या आसपास, टायर-सर्व्हिसिंग वेगळं. आणि तीन हजाराच्या हप्त्यात वीस वर्षांचं सव्वातीन-साडेतीन लाखांचं गृहकर्ज फिटतं. म्हणजे जवळचा फ्लॅट तीन लाखाने महाग असला तरी तो महाग नाहीये, रोजचा तास-दीड तास तर मी धरलेलाच नाही. जर्मनीत फॉन थ्यूनेन म्हणून एक होते, स्वतः शेती करायचे, खर्चाच्या वह्या काटेकोर ठेवायचे, त्यांनी १८२६ मध्ये त्या वह्यांवरून मांडलं की बाजारापासून जसजसं लांब जावं तसतशी जमिनीची किंमत वाहतुकीच्या खर्चाएवढी उतरत जाते. जमीनवाला उपकार करत नाही, लांबची जमीन स्वस्त देतो कारण बाकीचे पैसे तुम्ही पेट्रोलपंपावर भरणार आहात.

फ्लॅट बघायला मे महिन्यात जा, दुपारी तीन वाजता. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, वरच्या मजल्यावर पश्चिमेची भिंत असेल तर हात लावून बघा म्हणजे कळेल कूलर की एसी. बिल्डरला पाण्याचं विचारू नका, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा, नळ किती दिवसांनी येतो, बोअर मे मध्ये चालतो का, टँकर किती वेळा मागवला. प्रोजेक्ट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर लागतोच, प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही लागतो, तो नंबर घेऊन स्वतः साईटवर टाकून बघा. प्लॉटच घ्यायचा ठरला तर एनए (बिनशेती) ऑर्डर आणि मंजूर लेआउट, दोन्ही कागद हातात घेतल्याशिवाय बयाणा नको. आणि जमलं तर त्याच एरियात आधी अकरा महिने भाड्याने राहा, विकत घेतलेलं घर सोडणं फार अवघड असतं.

प्रश्न : एवढी मोठी कंपनी अमळनेरला सुरू झाली, मग ती इथेच का नाही वाढली? आपल्या गावाचं काय चुकलं?
(टी.वाय.बी.कॉम.चा विद्यार्थी, अमळनेर)

विप्रोबद्दल विचारतोयस. गावाचं काही चुकलं नाही, कंपनीचा माल बदलला. १९४५ मध्ये एम. एच. प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू केली ती वनस्पती तूप करायला. त्याला लागतं तेल, तेलाला लागतो शेंगदाणा आणि तो खान्देशात पिकायचा. शेंग फोडली की टरफल गेलं, घाण्यात पेंड गेली, म्हणजे परत तेच, वजन घटणारा माल, पिकाजवळ कारखाना. आणि ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे अमळनेर सुरतेला जोडलेलं होतं, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी ती लाईन. कापडाची प्रताप मिल इथे आधीपासून होती म्हणजे कामगार, मिस्त्री, व्यापारी असलेलं गाव होतं.

१९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी कारभार घेतला आणि १९८० च्या सुमारास कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली. कॉम्प्युटरच्या धंद्यात वजन घटायचा प्रश्नच नाही, तिथे कच्चा माल म्हणजे इंजिनियर, आणि ते होते बंगळुरूला. तिथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९०९ पासून, हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० पासून, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ पासून. म्हणजे शेंगदाण्यासाठी अमळनेर बरोबर होतं आणि इंजिनियरसाठी बंगळुरू बरोबर होतं.

मला यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या काळात कंपनी लहान होती त्या काळात अमळनेरच्या कितीतरी सामान्य लोकांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत. कंपनीचं ऑफिस लांब गेलं तरी मालकीचा तुकडा गावात राहिला. तू कॉमर्सला आहेस म्हणून सांगतो, कारखाना गावात यावा म्हणून आपण सगळे भांडतो, पण त्या कारखान्यात गावाचा हिस्सा किती याबद्दल कोणी विचारत नाही. आणि गावात काय आणायचं असा विचार करशील तेव्हा रस्ता आणि जमीन यांच्याआधी बघ की तुझ्या वर्गातली शिकलेली मुलं कुठे राहतात, कारण आताचे बरेच धंदे त्यांच्या मागे जातात.

प्रश्न : नंदुरबारला मिरची एवढी का येते?
(एक वाचक, शहादा)

थोडक्यात सांगतो. ओली लाल मिरची वाळली की चार हिस्स्यातला एकच हिस्सा उरतो, म्हणून ती पिकते तिथेच जवळपास वाळवायची. वाळवायला हवी मोकळी जागा आणि कोरडी हवा, पावसाळा संपल्यानंतर नंदुरबारला दोन्ही मिळतं, शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची पसरून वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लालच लाल दिसतं. पथारी, मजूर, खरेदीदार, मसाल्यावाले एकदा जमले की मग लांबचा शेतकरी पण तिकडेच गाडी वळवतो, गुजरातमधनं सुद्धा माल येतो. अवकाळी पाऊस आला की मात्र सगळ्या पथाऱ्या एकदम भिजतात. तुम्हाला पथारी भाड्याने घ्यायची असेल तर शेडची किंवा ताडपत्रीची सोय बघूनच घ्या.

प्रश्न : वय ५८. गावातलं घर भावांच्या वाटणीत लहान झालंय. मुलगा म्हणतो शेतात मोठं घर बांधू, मंडळी नको म्हणते. शेत गावापासून अडीच किलोमीटर.
(एक वाचक, एरंडोल तालुका)

दादा, आधी मंडळी नको का म्हणतात ते नीट ऐकून घ्या, कारण दिवसभर त्या घरात त्याच राहणार आहेत. आपल्याकडची गावं एकाला एक लागून वसलीत, वाड्याला वाडा, त्याला कारण होतं, पाणी एकाच ठिकाणी होतं आणि रात्रीची सोबत होती. आता पाणी पाईपने शेतात जातं, सोबत मात्र जात नाही. रात्री बिबट्याची बातमी आली, कोणाच्या छातीत दुखलं, तर अडीच किलोमीटर खूप होतात.

तुमच्याकडे दुभती जनावरं किती हे लिहिलं नाहीत आणि खरं तर त्यावरच सगळं आहे. चार-पाच म्हशी असतील तर चारा शेतात, शेण शेतात, दोन वेळ धार काढायला जायचंच, चारा-शेण रोज गावात आणणं-नेणं हेच मोठं काम, मग शेतात राहण्यात अर्थ आहे. नुसता कापूस-मका असेल तर वर्षातले काहीच महिने रोज जावं लागतं, आणि बाकीचे महिने तुम्ही मिठापासून गोळीपर्यंत सगळ्यासाठी गावात फेऱ्या मारणार, नातवंडं असतील तर शाळेच्या फेऱ्या वेगळ्या.

स्वतःच्या शेतात शेतीच्या उपयोगासाठी घर बांधायला कायद्याने आडकाठी नाही, पण बिनशेती नसलेल्या जमिनीवरच्या घराला बँक गृहकर्ज सहजासहजी देत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन असेल तर एनए करून घेणं बरंच सोपं झालंय, तहसीलला विचारा. म्हणून गावठाणाच्या कडेला, शेताच्या वाटेवर एखादा प्लॉट मिळतो का ते पहिले बघा, मोठं घरही होईल आणि मंडळींना शेजारही राहील. मुलगा ऐकतच नसेल तर त्याला सांगा यंदा गोठा आणि दोन खोल्या शेतात बांध, अख्खा पावसाळा तिथे राहून बघ, सिंगल फेज किती वेळ राहते, ट्रॅक्टर नसताना रस्त्याने निघता येतं का, हे बघून मग मोठ्या घराच्या पायाचं बोलू.